शिट्टी हातात ठेव

डिमेलो सर सांगायचे,
शिट्टी ओठांत धरू नकोस, हातात ठेव.
हातातून तोंडापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागतो
तेवढ्यात बघून घे, बॉल कुठे चाललाय.
कॅम्पात तीस वर्षं मॅची खेळवल्या त्यांनी,
चिखलात कधी पडले नाहीत,
पाय घसरला तो घरच्या न्हाणीत.

मी उद्यमबागेत, फौंड्रीत. रविवारी काळा ड्रेस.
तिसऱ्या गेटाकडचं मैदान माझ्या तळपायांना पाठ आहे:
टाकीकडे उतार, तिकडे पास आपोआप लांबतो,
रुळांकडच्या कोपऱ्यात तांबडी भुसभुशीत माती,
तिथे बॉल दमतो.
पुस्तकात हे नसतं.
पुस्तकात असतं, गोल किती लांब, आडवे कितीजण,
बॉल खरंच ताब्यात आहे
की नुसता जवळपास आहे.
पहिल्या पंधरा मिनिटांतली लाथ
वडगावची पोरं शेवटपर्यंत जपून ठेवतात, हेही नसतं.
म्हणून तेवढा वेळ मी काही सोडत नाही, वाजवतो.
आणि हाडाचा आवाज आला
तर गोल समोर असला तरी वाजवतो.

अवघड त्या मधल्या लाथांचं.
एक सेकंद, दोन, कधी तीन,
मी पळत असतो आणि कोणाचाच नसतो.
कडेला काकतकर मास्तर
मराठीत ओरडतात, "फाउल, ओ बिर्जे, फाउल!"
आणि त्याच दमात कन्नडात, "आड्ली, बिडरी सर!"
थांबव आणि चालू दे, एकाच तोंडाने.
त्यांचं चूक नाही. मलाही आतून
दोन्ही ऐकू येत असतं.

त्या रविवारी खानापूरशी मॅच.
यल्लाप्पा मुचंडी, सतरा वर्षांचा, चुलतभावाचे बूट,
सेंटरलाइनपाशी त्याला मागून कापला.
बॉल सुटला तो नेमका सावियोकडे,
पुढे फक्त गोलकीपर आणि टाकीकडचा उतार.
मी दोन्ही हात पसरले. खेळा.
एक.
दोन.
गेटाजवळ मिरजेच्या गाडीने भोंगा दिला,
सावियोला वाटलं शिट्टी. मागे वळून बघितलं त्याने.
तीन.
बॉल उताराने आपला आपण गेला, रेषेबाहेर.
तेव्हा वाजवायला हवी होती.
पण चौथ्या सेकंदाला शिट्टी म्हणजे
स्वतःची सही स्वतः खोडणं.
मी नाही खोडली.
खिशात ठेवलेली लाथ काढून
त्यांच्या सेंटरहाफला पिवळं कार्ड दाखवलं, वहीत नंबर लिहिला,
गोलकिक दिली.
शून्य-शून्य सुटली मॅच. कोणी भांडलं नाही.
भांडले असते तर बरं झालं असतं.

नळाजवळ यल्लाप्पा बसलेला,
उसाच्या गाड्यावरचा बर्फ रुमालात बांधून घोट्यावर.
"सर, मला पाडलं ते दिसलं नव्हतं काय?"
दिसलं की. दोन्ही हात पसरले होते मी.
"मी पालथा होतो सर," म्हणाला,
"मला गवत दिसत होतं."

भट्टीवर त्या रात्री लोखंड ओतताना
साचा किती वेळ झाकून ठेवायचा हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.
तिथे घाई केली की ओतीवच सांगतं.

आता हात पसरतो तेव्हा ओरडतोही.
मागे न बघता, बॉलमागे पळता पळता,
जो कोण पडला असेल त्याला:
"पाहिलंय रे!"
नाव कळलं नसेल, पोरगा कुठला ते कळलं नसेल,
तर दोन्हीत,
"पाहिलंय! नोडेनि!"
काकतकर मास्तर हसतात, बिर्जे म्हातारा झाला म्हणतात.
गेट पडलेलं असतं,
स्कूटरी बंद करून थांबलेली माणसं
बघत राहतात,
हा काळ्या कपड्यातला माणूस
धावत धावत कोणाला सांगतोय.